सातासमुद्रापलीकडचा नागरिक
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशी गेलेल्या मुलामुलींचा या मेळाव्यात सत्कार करण्याची प्रथा आता चांगली रुळली आहे. मुलगा तिकडे असतो, हार मात्र त्याच्या आईच्या किंवा वडिलांच्या गळ्यात पडतो. ज्या वस्तीतल्या माणसाला एके काळी शेजारच्या आळीतून चालताना विचार करावा लागे, त्या वस्तीतली मुले आज विमानाने समुद्र ओलांडतात, याचा आनंद कुणाला होणार नाही? तथापि सत्कार झाला, टाळ्या झाल्या, की आपण त्या मुलांना पुढच्या वर्षीपर्यंत विसरतो. कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला तो याच विसरण्याचा. देशाबाहेर राहणाऱ्या नागरिकाचे आपल्या देशाशी नाते काय? तो देशाला काय देतो, आणि देश त्याला काय देतो?

आधी शब्दांचा घोळ दूर करू. 'परदेशस्थ भारतीय' या एकाच शब्दात आपण दोन अगदी वेगळ्या प्रकारची माणसे कोंबतो. एक, ज्याच्या खिशात भारताचा पासपोर्ट आहे, जो नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी बाहेर आहे. तो नागरिक आहे. दुसरा, ज्याने अमेरिकेचे, ब्रिटनचे किंवा कॅनडाचे नागरिकत्व घेतले आहे. तो वंशाने भारतीय असेल, मनाने असेल, परंतु कायद्याने तो नागरिक नाही. आपल्या राज्यघटनेचे नववे कलम सांगते की, स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतलेला मनुष्य भारताचा नागरिक राहत नाही. २००५ पासून अशांना ओसीआय नावाचे कार्ड मिळते. त्याचे पूर्ण नाव 'भारताचे परदेशस्थ नागरिक' असे असले तरी त्या कार्डाने मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तो एक कायमचा विझा आहे, इतकेच. नाव नागरिकाचे आणि हक्क पाहुण्याचे, अशी ही गंमत आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकड्यांनुसार दोन्ही मिळून सुमारे साडेतीन कोटी लोक बाहेर आहेत, आणि त्यांतले भारतीय पासपोर्ट असलेले सुमारे १ कोटी ५८ लाख. आज आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या आकड्याविषयी. कारण आपल्या घरांतून गेलेली बहुतेक मुले याच आकड्यात आहेत.

नागरिकत्वाची कलमे लिहिणे सोपे नव्हते. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत ही कलमे मांडताना बाबासाहेबांनी स्वतः सांगितले होते की, मसुदा समितीला एवढी डोकेदुखी देणारे कलम एखादेच असेल. फाळणीने माणसे इकडची तिकडे झाली होती हे तर खरेच. पण त्याच भागात आठवे कलमही आहे, ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. भारताबाहेर राहणारा, परंतु ज्याचे आईबाप किंवा आजा-आजी भारतात जन्मले, अशा माणसाला त्या देशातल्या भारतीय वकिलातीत नोंदणी करून नागरिक होण्याची सोय त्या कलमाने केली. म्हणजे ही राज्यघटना जन्माला येतानाच तिने समुद्रापलीकडच्या माणसाची आठवण ठेवली होती.

आणि का ठेवू नये? ती लिहिणारा पुरुष स्वतः परदेशी राहून आला होता. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करीन असा करार लिहून देऊन. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यात रुजू झाले. पुढे काय झाले ते आपण सर्व जाणतो. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत जेमतेम अकरा दिवस काढले, आणि एके सकाळी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. ही हकिकत त्यांनी ज्या लिखाणात सांगितली त्याला नाव दिले आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा', म्हणजे विझाची वाट पाहताना. परदेशवासाच्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसली गेली होती, असे ते तेथे नमूद करतात. परक्या देशात जाण्यासाठी जो कागद लागतो, त्याचे नाव त्यांनी स्वतःच्या देशातल्या आठवणींना दिले. नात्याचा हिशेब मांडताना ही बाजू आपण तरी सोडून चालणार नाही. करार माणसाने पाळला. करारात नसलेले, पण माणसाला हवे असणारे एक छप्पर, ते मायदेशाला देता आले नाही.

आता पैशाकडे वळू, कारण सरकार बोलते ते प्रामुख्याने त्याविषयी. २०२४-२५ या आर्थिक वर्षात परदेशस्थांनी भारतात पाठविलेली रक्कम १३५ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. जगात इतका पैसा दुसऱ्या कोणत्याच देशाला त्याची बाहेर गेलेली माणसे पाठवीत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ सालासाठी केलेल्या पाहणीत राज्यांमध्ये पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, २०.५ टक्के, केरळ त्याच्या किंचित मागे, १९.७ टक्के. याच पाहणीत असेही दिसले की, आखाती देशांचा वाटा आता सुमारे ३८ टक्क्यांवर आला असून एकटी अमेरिका २७.७ टक्के पाठविते. म्हणजे संगणकवाल्याचा पैसा वाढला आणि गवंड्या-फिटरचा पैसा प्रमाणात मागे पडला. साहजिकच परिषदांना, सोहळ्यांना बोलावणे कुणाला जाते हे वेगळे सांगायला नको. ९ जानेवारी हा 'प्रवासी भारतीय दिवस' २००३ पासून साजरा होतो. १९१५ साली त्या तारखेला गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले होते. त्या मंडपात रियाधचा वेल्डर आम्हाला क्वचितच दिसला. संसाराची चूल पेटावी म्हणून महिन्याला पंधरा-वीस हजार पाठविणारा तो वेल्डर आणि कोट्यवधींची गुंतवणूक करणारा उद्योगपती हे दोघे कायद्यापुढे सारखेच नागरिक आहेत. सोहळ्यापुढे नाहीत.

कायद्यापुढे तरी पूर्ण सारखे आहेत का? पासपोर्ट उघडून पाहा. जो दहावी उत्तीर्ण नाही त्याच्या पासपोर्टवर सामान्यतः ईसीआर हा शेरा येतो. १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार अशा माणसाला आखातातले देश, मलेशिया वगैरे मिळून अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी घ्यावी लागते. हेतू चांगला आहे, अडाणी कामगाराला एजंटाने फसवू नये हा. ती परवानगी घेऊन गेलेल्या कामगाराची नोंद सरकारकडे राहते, त्याचा दहा लाखांचा अपघाती विमा असतो, आणि त्याचा हप्ता दोन वर्षांना अवघा २७५ रुपये. परंतु याच नियमांत तीस वर्षांखालील ईसीआर पासपोर्टच्या स्त्रीला त्या देशांत कामाला जाता येत नाही. रक्षणासाठी घातलेली ही बंदी प्रत्यक्षात काय करते? ती बाई थांबत नाही. एजंट तिला पर्यटक विझावर पाठवितो, आणि मग तिची नोंद नाही, करार नाही, विमाही नाही.

जानेवारी २०१८ ची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. ईसीआरवाल्यांना नारिंगी रंगाचा निराळा पासपोर्ट द्यायचा असे परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले. इतरांचा निळा, यांचा नारिंगी. जगातल्या प्रत्येक विमानतळावर, प्रत्येक खिडकीपुढे, रांगेतल्या माणसाचे शिक्षण लांबून ओळखू यावे अशी ती सोय होती! देशभर, विशेषतः केरळात, त्याला विरोध झाला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला सरकारने तो निर्णय मागे घेतला. खुणेवरून माणूस ओळखण्याचा अनुभव ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला, त्याला यात काय वावगे होते ते फोड करून सांगावे लागत नाही. आमची खंत एवढीच की, त्या वेळी केरळातल्या संघटना बोलल्या तितक्या मोठ्याने आपण बोललो नाही.

पासपोर्टाविषयी आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने पाठ करावी. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचे सतरावे कलम म्हणते की, पासपोर्ट ही नेहमी केंद्र सरकारची मालमत्ता राहते. तो आपल्याला बाळगायला दिलेला असतो. मग तिकडे उतरल्या दिवशी मालकाचा माणूस जो पासपोर्ट काढून घेतो, तो कोणत्या अधिकाराने? आखातातील कफाला पद्धतीत कामगाराचा विझा मालकाशी, म्हणजे कफीलशी, बांधलेला असतो. कतारने आणि आणखी काही देशांनी हे बंधन गेल्या काही वर्षांत बरेच सैल केले. परंतु कपाटात कुलूपबंद केलेले पासपोर्ट अजून आहेत. आपल्या वस्तीतील एका कुटुंबाचे उदाहरण आमच्यासमोर आहे. वडील वारले, तार-टपालाचा जमाना गेल्यामुळे निरोप पाच मिनिटांत पोहोचला, पण मुलगा पोहोचला तेराव्या दिवशी. पासपोर्ट मालकाकडे आणि मालक सुट्टीवर. त्या मुलाला एवढे जरी ठाऊक असते की, अशा वेळी वकिलातीकडे तक्रार करता येते आणि वकिलात तातडीचा प्रवासदाखला देऊ शकते, तरी चार दिवस वाचले असते. देशाबाहेर जाऊन परत येणे हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ आणि १९७८ अशा दोन्ही वेळा सांगितले आहे. परत येणे हासुद्धा हक्क आहे, बंधूंनो.

संकटात मात्र या देशाने आपल्या माणसांना टाकले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले तेव्हा तिथे अडकलेल्या सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणले गेले. बसने जॉर्डनमधील अम्मानपर्यंत आणि तेथून विमानाने मुंबईला. ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे झाली. सभागृहातील वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. मे २०२० मध्ये करोनाच्या साथीत पुन्हा विमाने गेली. मात्र तेव्हा तिकिटाचे पैसे प्रवाशाने भरायचे होते, आणि ज्याची नोकरी आधीच गेली होती त्याने ते कोठून आणावेत हा प्रश्न अनेकांना पडला. १२ जून २०२४ रोजी कुवेतमध्ये मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. त्यातील ४५ भारतीयांचे मृतदेह वायुदलाच्या विमानाने आणले गेले. एवढा मोठा अपघात झाला म्हणजे विमान जाते. पण एकटादुकटा कामगार हृदयविकाराने जातो तेव्हा? मृत्यूचा दाखला, पोलिसांचा दाखला, मालकाचे ना-हरकत, वकिलातीची नोंद, आणि इकडे आई रोज दाराकडे पाहत बसलेली. आठवडे जातात.

त्यासाठी २००९ साली सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी आज प्रत्येक वकिलातीत आहे. मृतदेह आणणे, अडलेल्याला तात्पुरता निवारा, वकील, परतीचे तिकीट, हे त्यातून होऊ शकते. हा निधी उभा राहतो कशातून? पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी, दाखल्यांसाठी आपलीच मुले तेथे शुल्क भरतात, त्यावर घेतलेल्या छोट्या रकमेतून. तेव्हा त्यासाठी अर्ज करताना कुणी संकोचू नये. तो धर्मादाय नव्हे, आपलाच साठा आहे.

आता मताविषयी, कारण आमच्या मते सर्वांत मोठी उणीव येथे आहे.

२०१० पर्यंत परिस्थिती अशी होती की, कामासाठी बाहेर गेलेल्याचे नाव मतदारयादीतून निघून जाई. तो 'सर्वसाधारणपणे रहिवासी' राहिला नाही, हे कारण. त्या वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०अ हे कलम आले आणि फेब्रुवारी २०११ पासून लागू झाले. पासपोर्टवर जो भारतातला पत्ता आहे त्या मतदारसंघात आता नाव घालता येते. फार छान. परंतु मत द्यायचे तर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः त्या केंद्रावर यायचे! दुबईतल्या रंगाऱ्याने दोन महिन्यांचा पगार घालून तिकीट काढावे, रजा मिळवावी, शाळेतल्या त्या खोलीत बोटाला शाई लावून घ्यावी आणि परत जावे. परिणाम काय झाला? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरातून परदेशस्थ मतदार नोंदले गेले १ लाख १९ हजार ३७४. त्यांपैकी ८९ हजार ८३९ एकट्या केरळातले. प्रत्यक्ष येऊन मत दिले २ हजार ९५८ जणांनी, आणि त्यांतही २ हजार ६७० केरळचे. पैसा पाठविण्यात पहिला असलेला महाराष्ट्र नोंदणीत कोठे आहे ते यावरून समजावे.

वकिलातीतल्या सरकारी अधिकाऱ्याला मात्र परदेशातून टपाली मत देता येते. त्याच वकिलातीच्या दाराशी रांगेत उभ्या असलेल्या कामगाराला येत नाही. आणखी एक विचित्र गोष्ट पाहा. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, तेथील संसदेच्या निवडणुकीत मत देता येते. म्हणजे लंडनमध्ये शिकणारी आपली मुलगी त्या देशाचा खासदार निवडू शकते, स्वतःच्या देशाचा तेथे बसून निवडू शकत नाही. फ्रान्सने २०१२ पासून परदेशस्थ नागरिकांसाठी आपल्या सभागृहात अकरा जागा ठेवल्या आहेत. फिलिपीन्ससारखा आपल्याप्रमाणेच कामगार पाठविणारा देश २००३ च्या कायद्याने बाहेरूनच मत घेतो. तेव्हा हे होऊ शकत नाही असे म्हणता येणार नाही.

२०१७ साली सरकारने एक विधेयक आणले होते. परदेशस्थाने आपला प्रतिनिधी नेमावा आणि त्याने मत द्यावे, असे. ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने ते मंजूर केले, राज्यसभेत ते झाले नाही आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित होताच संपुष्टात आले. ते संपले याचे आम्हाला दुःख नाही, आणि हे आम्ही जाणूनबुजून बोलतो. आपल्या गावात, आपल्या वस्तीत प्रतिनिधी कोण होणार? गेलेल्या मुलाने ज्याच्याकडून विझासाठी कर्ज घेतले तो सावकार. नाहीतर एजंट. नर्स म्हणून गेलेल्या सुनेचे मत देणार सासरा. एक माणूस, एक मत, आणि प्रत्येक मताचे एक मूल्य, हे ज्यांनी शिकविले त्यांच्या अनुयायांनी दुसऱ्याच्या हातून टाकलेले मत मान्य करू नये. वकिलातीत मतपेटी ठेवा किंवा सैनिकांना मिळते तशी टपाली मतपत्रिका द्या. निवडणूक आयोगाने २०२० मध्ये सरकारला तसा प्रस्ताव दिलाही आहे. आखाती राज्यांत मतपत्रिका कामगाराच्या हातात मालकाच्या नजरेआड पडेल का, ही शंका खरी आहे आणि ती टपालापेक्षा वकिलातीतल्या मतपेटीने अधिक दूर होईल असे आम्हाला वाटते.

कुणी म्हणेल, जो येथे राहत नाही, येथल्या खड्ड्यांतून चालत नाही, त्याने येथला आमदार का ठरवावा? अमेरिकेचा नागरिक झालेल्याबाबत हा आक्षेप आम्ही मान्य करतो. परंतु ज्याची बायको येथल्या रेशन दुकानापुढे उभी आहे, ज्याची मुले येथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, ज्याला वयाच्या पन्नाशीत करार संपला की येथेच परतायचे आहे, तो येथे राहत नाही असे कोणत्या अर्थाने म्हणायचे? त्या आखाती देशांत त्याला नागरिकत्व मिळण्याची आशा जवळजवळ नाहीच. त्याला दुसरा देश नाही.

आपण काय करू शकतो? केरळ सरकारने १९९६ सालीच परदेशस्थांसाठी स्वतंत्र खाते काढले. तशी मागणी आपण करावीच, पण तोवर हातावर हात ठेवून बसू नये. संघाने एक वही घालावी. त्यात बाहेर गेलेल्या प्रत्येकाचे नाव, पासपोर्ट क्रमांक, मालकाचा पत्ता, तेथल्या वकिलातीचा दूरध्वनी आणि घरच्या दोन माणसांचा क्रमांक असावा. ती वही सचिवांच्या ताब्यात राहील, गावभर फिरणार नाही. जाण्यापूर्वी एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहून घ्यावा; ते काम आपली कॉलेजातली मुले पाच मिनिटांत करतील. कायद्याप्रमाणे एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, याहून अधिक घेता येत नाही. लाख-दोन लाख मागणारा माणूस मग कितीही 'आपला' असो, त्याच्या दारातून परत फिरावे. कराराची एक प्रत घरी ठेवावी, अरबीत असेल तर तिचे भाषांतर करून घ्यावे. बँकेतले खाते बायकोच्या नावाने जोडून असावे. हे शेवटचे आम्ही पुरुषमंडळींना उद्देशून बोलतो आहोत.

मतदारनोंदणीच्या अर्जाचा, म्हणजे नमुना ६अ चा, गठ्ठा आज दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. पासपोर्टच्या फोटोच्या व पत्त्याच्या पानाची आणि चालू विझाच्या पानाची प्रत त्याला जोडावी लागते. मुलाकडे जुने मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करावे लागते, ते शोधून ठेवा. अर्जावर सही त्याचीच लागते, बापाची चालत नाही. जेवणानंतर तासभर आमचे दोन कार्यकर्ते त्या टेबलाशी बसणार आहेत.